अडीच बोटं

नवी जीन्स घेऊन कोणी दारात आलं की गोकुळा आधी विचारते, “धुतली का?” नाही म्हटलं तर ती पँट हातातसुद्धा घेत नाही. “जाय, धुवून, वाळवून आण. पह्यल्या पाण्यात हा कपडा आखडते. आज कापली अन् उद्या पोटरीवर चढली तं मलेच शिव्या देशीन.” पोरं कुरकुरतात, पण दुसऱ्या दिवशी परत येतात, कारण आमच्या गावात जीन्सची लांबी कमी करून देणारं दुसरं कोणी नाही. त्यासाठी पोंभुर्ण्याला जायचं तर अर्धा दिवस मोडतो.

मी आशाबाई, इथल्या अंगणवाडीची सेविका. गोकुळाच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. तिच्या मशीनचा आवाज माझ्या चुलीपाशी येतो आणि माझी बडबड तिच्या घरापुढच्या छपरीत जाते. मला बोलायची खोड आहे, ती मी कशाला लपवू? गोकुळा मात्र बोलत नाही. काम करताना ती ओठात टाचण्या धरते, आणि टाचण्या नसल्या तरी ओठ तसेच मिटलेले. वीस वर्षं मी त्या मिटल्या तोंडाशी भांडत आले आहे.

तिचा नवरा इस्तारी तलावावर मासे धरतो. मशीन घरात येण्याआधी गोकुळा जाळी विणायची, अजूनही फाटलेली जाळी तीच जोडते. जाळ्याचा डोळा इंचात मोजत नाहीत, बोटांनी मोजतात. दोन बोटी जाळं, तीन बोटी जाळं, आत बोटं घालून पाहायची की झालं. कपड्यालाही तिनं तेच माप लावलं. मी तिला एकदा चांगला मीटरटेप आणून दिला, तर बाईसाहेबांनी त्यानं चिंध्यांचं गाठोडं बांधून ठेवलं. मी पोरांची उंची, वजन, दंडाचा घेर मोजून रजिस्टरात लिहिणारी बाई. माझा जीव जळणार नाही तर काय होईल? पण तिच्या बोटांचं माप चुकल्याचं मी पाहिलं नाही, हेही खरं.

जीन्सचं काम सोपं नसतं. बाजूची शिवण जिथं दुमडते तिथं कपड्याचे सहा-आठ थर एकावर एक येतात आणि सुई कटकन तुटते. गोकुळा ती जागा आधी पाट्यावर ठेवून बत्त्यानं ठोकून चपटी करते. मग जाड सुई लावून, मशीनचं चाक हातानं फिरवत, एक एक टाका घालते. कोणाला कंपनीची खालची किनार तशीच हवी असते. त्याची किनार ती कापून बाजूला काढते, वरचं कापड कमी करते आणि तीच किनार पुन्हा जोडून देते. सांधा शोधूनही सापडत नाही. लपवण्याच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि मला सांगायचं आहे तेही हेच.

तिला डिंपल नावाची एकच लेक. डिंपल सात वर्षांची असताना तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, खाली दगडांवर पडली आणि तिच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. पावसाळ्याचे दिवस, नाल्याला पूर, रस्ता बंद. तिसऱ्या दिवशी पूर उतरेपर्यंत गावातल्या बापूजीनं बांबूच्या कांबी लावून पाय बांधलासुद्धा होता. बापूजीनं आयुष्यात पुष्कळांची हाडं बसवली, हेही त्यानं मनापासूनच बसवलं. हाड जुळलं, पण एकावर एक चढून जुळलं. दोन महिन्यांनी पोरगी उठून चालायला लागली आणि गोकुळानं सगळ्या मोहल्ल्याला सांगून टाकलं की पाय बरा झाला.

पोरगी लचकत चालायची, ते सगळ्यांना दिसत होतं. गोकुळा म्हणायची, “बांधून होता न पाय, म्हून सवय लागली. दोन्ही पाय सारखेच हायेत.” मी दर वर्षी सांगायची, एकदा चंद्रपूरला ने, डॉक्टरला दाखव. ती म्हणायची, “पोरगी चालून राह्यली न? मंग?” एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, की फरक असेल तर निदान अपंगाचं सर्टिफिकेट तरी मिळेल. झालं. त्या दिवसापासून पोळ्यापर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला राग आला होता, आजही येतो. मायेनं आंधळं व्हावं, पण किती?

पुढं डिंपल पोंभुर्ण्याच्या कॉलेजातून बी.ए. झाली. लग्नासाठी दोन स्थळं आली. दोन्ही वेळा पाहुण्यांनी पाणी मागायच्या निमित्तानं तिला चालवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा नंतर निरोप आला नाही. दुसऱ्या वेळी डिंपल मला म्हणाली, “मावशी, मले आता कोणाले चालून दाखवाचं नाई. मी नोकरी करते.” आणि खरंच तिनं चंद्रपूरच्या एका मोठ्या कपड्याच्या दुकानात नोकरी मिळवली. आचल नावाच्या मैत्रिणीसोबत खोली केली. मळके कपडे मात्र ती दर मंगळवारी आईकडे टाकायची आणि धुतलेले, घडी घातलेले घेऊन जायची. एक महिना शिकण्यात गेला. मग दुकानानं सगळ्या मुलींना एकसारखा ड्रेस दिला, पिवळा टी-शर्ट आणि निळी जीन्स. सहा मुलींच्या पँटी एकाच टेलरकडे गेल्या. त्यानं प्रत्येकीच्या उजव्या पायाचं माप घेतलं आणि दोन्ही पाय सारखे कापले. त्याचं काय चुकलं?

मंगळवारी दुकान बंद असतं. त्या मंगळवारी सकाळी दहाच्या बसनं डिंपल आली. मी गोकुळाच्या छपरीत सुपात मोहाची फुलं निवडत बसले होते. पोरीच्या उजव्या कोपरावर चिकटपट्टी होती आणि चेहरा उतरलेला.

“काय झालं व?” मी विचारलं.

“पडली,” ती म्हणाली.

तिनं पिशवीतून जीन्स काढून आईसमोर टाकली. रविवारी गर्दीच्या वेळी ती शर्टांचा गठ्ठा घेऊन जिना उतरत होती. पँटेचा डावा पाय तळव्याखाली आला आणि ती गठ्ठ्यासकट खाली. लोक हसले. दुकानातल्या मॅडम म्हणाल्या, बुधवारी फिटिंग नीट करून ये, पुन्हा पडलीस तर मला तुला गोडाऊनला टाकावं लागेल. गोडाऊन म्हणजे दिवसभर गठ्ठे उचलून वर चढवायचे. ते त्या पायानं जमलं नसतं, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा होती.

“ते जाऊ दे,” डिंपल म्हणाली. “जोड्यांच्या काउंटरवर सुरेंद्रभाऊ हाय. त्यानं माही निघालेली चप्पल उचलून आणली. पाहून म्हणे, ताई, तुमची डावी पुढून घासली अन् उजवी टाचेत. एक पाय कमी हाय का? दवाखान्यात माप घेतलं का एका पायाचा बूट उंच करून भेटते. मी त्याले सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, माहे पाय बरोबर हायेत, तुम्ही तुमचं काम करा.”

गोकुळानं पँट उचलली. “दे. मी करून देते.”

“काय करून देशीन?”

“करते न. जेव आधी.”

डिंपल जेवायला उठली नाही. दोरीवर वाळत असलेल्या स्वतःच्या सलवारीकडे ती पाहत होती. “माय, माह्या सलवारी तं कधी पायात आल्या नाई. हे पँटच काऊन येते?”

गोकुळा मशीनचा खालच्या दोऱ्याचा बॉबिन काढायला वाकली. बॉबिन भरलेला होता, मला दिसत होतं.

डिंपल उठली आणि दोरीवरची सलवार ओढून घेतली. महिनाभर दुकानात घड्या घालून तिच्या हाताला वळण लागलं होतं. कंबर धरायची, झटकायची, पायावर पाय आणायचा. तिनं तसं केलं आणि तशीच उभी राहिली. सलवारीचा डावा पाय आखूड होता. घरात कपड्यांच्या घड्या गोकुळाच घालायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. ते तिच्या टापटिपीपायी असेल असं मला वाटायचं. आता लख्ख उमगलं आणि माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

पोरगी आत गेली आणि पेटी उघडून सगळं घेऊन आली. चालू वापरातल्या चार सलवारी, कॉलेजातल्या दोन, शाळेच्या युनिफॉर्मची नववीतली एक. एक एक झटकून तिनं छपरीतल्या चटईवर मांडली. सगळ्यांचे डावे पाय कमी. नववीतल्या सलवारीत फरक कमी, कॉलेजातल्यांत जास्त, आताच्यांतही तितकाच. बाजारातून तयार ड्रेस आणला तरी गोकुळा सलवारीची पट्टी उसवून पुन्हा घालायची. बाजारची शिलाई कच्ची असते म्हणायची. वीस वर्षं शेजारी बसून मला ही गोष्ट कळली नाही, आणि मी स्वतःला फार हुशार समजते.

“तुले माहीत होतं,” डिंपल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. “मी मोठी होत गेली तसतसं तुले माहीत होतं. अन् मले सांगत होती का सारखे हायेत.”

“थोडासाच फरक हाय,” गोकुळा म्हणाली.

“थोडासा म्हंजे किती?”

गोकुळानं चटईवरच्या एका सलवारीची घडी घालायला घेतली.

“मंग माप घे. आता घे, माह्यासमोर.”

इथं मी मध्ये पडले. मी नसते पडले तर मला चैन पडलं नसतं. घरातून माझा टेप आणला, डिंपलला भिंतीशी उभी केली, कमरेपासून जमिनीपर्यंत एक बाजू मोजली, दुसरी मोजली. उजवी अडतीस इंच. डावी अडतीस इंच. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. “अव, सारखेच तं आहेत,” मी म्हटलं, आणि खरं सांगते, मला आनंदच झाला.

“तिची टाच पाह्य,” गोकुळा म्हणाली.

मी खाली वाकून पाहिलं. डाव्या पायाची टाच जमिनीपासून वर होती. पोरगी चवड्यावर उभी होती, आणि तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. टेकव म्हटलं की टेकवायची, मी टेप लावला की पुन्हा वर. सात वर्षांची असल्यापासून अंगात मुरलेली सवय, माझ्या एका शब्दानं कशी जाणार? मी टेप गुंडाळून ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझं तोंड बंद झालं.

गोकुळा उठली. “ते पँट घाल अन् चाल.”

“कुठी?”

“तलावावर.”

भर दुपारी आम्ही तिघी निघालो. घाटाच्या पायऱ्या मोठ्या सपाट दगडांच्या आहेत, दुसरी पायरी बाराही महिने पाण्याखाली असते आणि तिच्यावर शेवाळ असतं. गोकुळानं डिंपलला त्या पायरीवर उतरवलं. पाणी घोट्याच्या वर आलं. शेवाळावर चवड्यानं उभं राहता येत नाही, पाय सरकतो. तळवा पूर्ण टेकवावाच लागतो. डिंपलनं टाच टेकवली आणि तिचं अख्खं अंग डावीकडे खाली गेलं. खांदा उतरला, मान तिरपी झाली. पाय मोडल्यापासून पंधरा वर्षं ही पोरगी माझ्या डोळ्यासमोर वावरली, पण तिला अशी पूर्ण टेकून उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. समोर तलावात कुठंतरी पाहत उभी राहिली.

“ऱ्हाय तशीच. हालू नको,” गोकुळा म्हणाली. मग हात देऊन तिला वर घेतलं, तिथंच खाली बसली आणि ओल जिथं संपत होती तिथं पँटेच्या दोन्ही पायांवर साबणाच्या चिपटीनं रेघ मारली. पाणी दोन्ही पायांना सारखंच लागलं होतं, मग रेघेत जो फरक पडेल तो पायाचाच.

घरी येऊन डिंपलनं पँट बदलली. स्वतःच झटकली, पायावर पाय ठेवला आणि चटईवर मांडली. डाव्या पायावरची रेघ उजवीच्या बरीच वर होती. गोकुळानं मधल्या जागेवर बोटं ठेवली, पण आकडा बोलली नाही.

“असंच पाहत होतीस का तू?” डिंपलनं विचारलं.

“तू तलावावरून ओली होऊन येत होती. मी सलवार वाळत घालताना पाहत होती.” गोकुळा पँटेकडेच पाहून बोलत होती. “दर वर्षी पाहत होती. वाटे, औंदा कमी झालं असन.”

“मंग सांगतलं काऊन नाई, माय?”

“सांगतलं असतं तं तू खाली पायाकडं पाहत चालली असती. शाळेत गेली, कॉलेजात गेली, बसनं एकटी गेली. मले वाटलं, माहीत नाई तं चालून राह्यली पोरगी. माहीत पडलं तं बसून जाइन.”

“पण पडली न मी. सगळ्याइच्या समोर पडली. अन् त्या भाऊले म्हटलं, माहे पाय बरोबर हायेत.”

गोकुळाच्या तोंडातून हुंदका निघाला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, पाय मोडला त्या दिवशीसुद्धा नाही. मलाही रडू आलं. मी तिच्यावर किती चिडले होते, आणि ही बाई दर वर्षी लेकीचा ओला कपडा हातात धरून एकटीच काय पाहत बसत होती. डॉक्टरकडे नेलं नाही ही तिची चूकच, मी आजही म्हणेन. पण त्या वेळी मला ते बोलवलं नाही.

डिंपल रडली नाही. तिनं आईचा हात पँटेवरून बाजूला केला आणि दोन रेघांच्या मध्ये आपली बोटं ठेवली, एक, दोन, तीन. “माह्या बोटानं तीन,” ती म्हणाली. “तुह्या?”

गोकुळानं पदरानं तोंड पुसलं. मशीनच्या खणातून कात्री काढली आणि डावा पाय रेघेपाशी धरला. कात्रीचं तोंड उघडलं तसं डिंपलनं तिचं मनगट धरलं.

“कापू नको.”

“उद्या पायात येइन व. मॅडम काय म्हणे?”

“दुमड. आतून दुमडून उद्यापुरतं टाचून दे. मी दवाखान्यात जाऊन माप घेणार हाव. बूट भेटला का मले दोन्ही पाय सारखेच लागन, मंग हे कापलेलं कुठून आणशीन?”

गोकुळा कात्री हातात धरून तशीच बसली. तिनं आजवर लेकीच्या प्रत्येक सलवारीचा डावा पाय कापलाच होता, पुन्हा उसवायची वेळ येईल हे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं. मग तिनं कात्री खाली ठेवली. पट्टी आत दुमडली, शिवणीची जागा पाट्यावर घेऊन ठोकली, आणि मशीनवर नाही तर हातानं लांब लांब टाके घातले, एक दोरा ओढला की सगळं सुटेल असे. डिंपल शेजारी बसून पाहत होती.

चारच्या बसला अजून वेळ होता. दुसऱ्या बाजूच्या भिंतीपलीकडे शेजारची वच्छला धुणं वाळत घालत होती, आणि वच्छलाच्या कानावर गेलं की गावाच्या कानावर गेलं. गोकुळा पँटेची घडी घालता घालता मला म्हणाली, “आशाबाई, पुढच्या मंगळवारी आमच्यासंग चंद्रपूरले येशीन का? दवाखान्यात मले बोलाले जमत नाई.”

“येते न,” मी म्हटलं. “बोलायचं काय आहे?”

तिनं घडी पिशवीत घातली आणि आवाज खाली न आणता, वच्छलाला सहज ऐकू जाईल असं म्हणाली, “हेच का माह्या लेकीचा डावा पाय कमी हाय. अडीच बोटं.”